एक किलो चारशे साठ

खांद्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय उचलता?
म्हटलं, लग्नं.
त्या हसल्या नाहीत.

मग बेंद्र्यांच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला कॅमेरा,
लेन्स आणि पट्ट्यासकट, फ्लॅश सोडून :
एक किलो चारशे साठ.
बेंद्रे म्हणाले, एवढ्यात महिन्याचा हुलगा येतो.
एकतीस वर्षं हा हुलगा गळ्यात घालून हिंडलो,
रहिमतपूर, कोरेगाव, पुसेगाव, अपशिंगे,
कुठल्या मांडवात नाही?

साताऱ्याला पोवई नाक्यावर तौफिकचं दुकान.
त्याचे वडील होते तेव्हा इथं रोल मिळायचे,
छत्तीसचे, उधारीवर.
तौफिकनं काउंटरवर दोन मांडले.
एकाला काचेची खिडकी,
एकाच्या आत इवलासा पडदा.
"दोन्ही अर्ध्या किलोच्या आत, काका. डोळा लावून बघा."

काचेतून नाका होता तसाच दिसला.
ऊन उनासारखं,
कलिंगडवाल्याची छत्री, छत्रीखालचा कुत्रा
सावलीइतकाच काळा.
काच काही सांगत नाही.
चुकणार असाल तर चुकू देते,
आमच्या गणिताच्या मास्तरांसारखी,
निकालादिवशीच कळायचं.

पडद्यातून तोच कुत्रा.
पण आता त्याचे डोळे दिसतात, कानामागची जखमही.
कडेनं आकडे, पट्टे, आणि एक आडवी रेघ,
तुमचा हात वाकडा आहे, असं अदबीनं सांगणारी.
फोटो काढायच्या आधीच फोटो.
चव घेऊन मीठ टाकायची सोय.
चांगलंच आहे. तरी जराशी लाज वाटली,
कुणाचं पाकीट फोडून वाचल्यासारखी.

मान वळवली तर पडदा किंचित मागं राहिला.
तौफिक पंख्याकडे गेला होता,
माझ्या डोळ्यात अजून इथंच.
"सवय होते," तो म्हणाला, पंख्याजवळून.

मग मी ते विचारलं, जे कुणालाच विचारलं नव्हतं :
बटण दाबल्यावर यात अंधार होतो का?

जुन्यात होतो.
खटका वाजतो, आरसा वर उचलला जातो,
आणि जे फिल्मवर जातं, पुढं कार्डावर जायला लागलं,
नेमकं तेवढंच डोळ्याला मिळत नाही.
पापणी लवण्याइतकंच असतं ते.
पण हिशेब करा.
एकतीस वर्षांतल्या सगळ्या अक्षता
माझ्या अंधारात पडल्या आहेत.
अंतरपाट खाली येताना मी पाहिलेला नाही.
पाठवणीला नवरी वळून बघते,
ते मी कागदावर पाहिलं, आठ दिवसांनी,
तिच्या घरच्यांबरोबर, बिल घेताना.

आमच्या केतकीनंही वळून पाहिलं होतं.
फोटो सुरेख आलाय, दाराच्या वर लावलाय.
ती माझ्याकडेच बघत होती, असं
शालन म्हणते.

"अंधार नाही होत," तौफिक म्हणाला,
"पण बॅटरी संपली की काहीच दिसत नाही."
म्हटलं, आमच्याकडं भारनियमनाची सवय आहे.
चार हप्ते ठरले. चहा त्यानंच पाजला.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो,
नवा मांडीवर, पावाच्या पुड्याएवढा.
दर दोन मैलांनी हात डाव्या खांद्याकडे जायचा
पट्टा सावरायला.

शालन उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.
"हा? खेळण्यातला दिसतोय," म्हणाली,
मग सूप बाजूला सारलं,
पदर सारखा केला
आणि हसली.
मी बटण दाबलं. अंधार झाला नाही.
ती हसत होती, दाबताना, दाबल्यावर,
आणि पडद्यात तर
ती थांबल्यानंतरही
जरासा वेळ.